विद्यापीठ कितवं, हे बघण्याआधी यादी कशी केली ते बघा

पीएचडीला अर्ज करायचं ठरलं की बहुतेकांकडून पहिलं काम होतं ते एक्सेल शीट उघडण्याचं. पहिल्या रकान्यात विद्यापीठाचं नाव, दुसऱ्यात देश, तिसऱ्यात क्यूएस रँक. मग शीट तिसऱ्या रकान्यानुसार लावायची, वरच्या दहा-पंधरा ओळी ठेवायच्या आणि बाकीच्या उडवायच्या. अर्ज कुठे करायचा याचा निर्णय खरं तर तिथेच झालेला असतो. गाइड कोण, पैसे किती, आपल्या विषयावर तिथे कोणी काम करतं का, हे प्रश्न नंतर येतात आणि तेही उरलेल्या ओळींपुरतेच.

आज या तिसऱ्या रकान्याबद्दल बोलू. कोणताही रिसर्च पेपर हातात आला की आपण नुसता निष्कर्ष वाचून मान डोलवत नाही. काय मोजलं, कसं मोजलं, डेटा कुठून आला, पैसे कोणी दिले, हे बघतो. निदान बघायला हवं असं आपल्याला शिकवलं जातं. पण आयुष्याची चार-सहा वर्षं जिच्यावर ठरतात त्या यादीची पद्धत सहसा कोणी वाचत नाही. तर यादीला पेपर समजून वाचून बघू.

एक वर्ष, तीन पहिले नंबर

२०२३ साल घ्या. जूनच्या सुरुवातीला आपल्या शिक्षण मंत्रालयाची एनआयआरएफ यादी आली. 'ओव्हरऑल' गटात आयआयटी मद्रास पहिलं, बंगळुरूची आयआयएससी दुसरी, आयआयटी बॉम्बे चौथं. त्याच महिन्याच्या अखेरीस क्यूएसची २०२४ची यादी आली. तिच्यात भारतातलं सर्वांत वरचं नाव होतं आयआयटी बॉम्बे, जगात १४९वं. सप्टेंबरात टाइम्स हायर एज्युकेशनची यादी आली, तिच्यात भारतातली सर्वांत वरची संस्था आयआयएससी. म्हणजे चार महिन्यांत देशातल्या 'सर्वोत्तम' संस्थेची तीन उत्तरं मिळाली आणि तिन्ही उत्तरं आकड्यांनिशी होती.

टाइम्सच्या यादीत जुन्या मोठ्या आयआयटी का दिसत नाहीत, यालाही कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये बॉम्बे, दिल्ली, मद्राससह सात आयआयटींनी मोजणीत पारदर्शकता नाही असं सांगून त्या यादीत भाग घ्यायचं नाकारलं. विद्यापीठ यादीत नाही याचा अर्थ ते मागे पडलं असा होतोच असं नाही. कधी कधी त्यांनी फॉर्मच भरलेला नसतो.

आता आयआयएससीचं क्यूएसमधलं काय झालं ते बघा. २०२३च्या यादीत ती १५५वी होती. 'प्रति शिक्षक साइटेशन' या रकान्यात तिला १०० पैकी १०० गुण होते. पुढच्या वर्षी ती थेट २२५वर गेली. बारा महिन्यांत प्रयोगशाळा बंद पडल्या का? प्राध्यापक सोडून गेले का? तसं काही झालं नव्हतं. त्या वर्षी क्यूएसने मोजपट्टी बदलली होती. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं वजन २० टक्क्यांवरून १० वर आणलं, तज्ज्ञांच्या मतांचं ४० वरून ३० वर आणलं, नोकरी देणाऱ्यांच्या मतांचं १० वरून १५ वर नेलं आणि शाश्वतता, रोजगार आणि आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळं असे तीन नवे रकाने प्रत्येकी ५ टक्क्यांचे घातले. त्याच झटक्यात बर्कली २७वरून १०वर आली आणि स्वित्झर्लंडची ईपीएफएल १६वरून ३६वर गेली.

पट्टी बदलली की उंची बदलते, हे एकदा डोक्यात बसलं की 'विद्यापीठ घसरलं' अशी बातमी वाचून पोटात गोळा येत नाही.

रकाने कोणासाठी आहेत?

आता प्रत्येक रकान्यासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: याचा माझ्या पीएचडीशी काय संबंध?

क्यूएसमध्ये आजही ४५ टक्के गुण दोन मतचाचण्यांचे आहेत, एक प्राध्यापकांची आणि एक नोकरी देणाऱ्यांची. 'तुमच्या विषयात चांगली विद्यापीठं कोणती?' असं विचारलं की माणूस ऐकलेली नावं सांगतो. ऐकलेली नावं कुठून येतात, तर बऱ्याच अंशी जुन्या लौकिकातून आणि मागच्या याद्यांमधून. म्हणजे यादी स्वतःचाच प्रतिध्वनी मोजते. टाइम्सच्या २०२४च्या यादीतही अध्यापनाचा लौकिक १५ आणि संशोधनाचा लौकिक १८ मिळून ३३ टक्के मतांवरच आहेत.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाण हा आकडा अख्ख्या विद्यापीठाचा असतो, पहिल्या वर्षाच्या बीएस्सीपासून सगळे धरून. तुम्हाला हवी असते ती दुसरीच माहिती: तुमच्या होणाऱ्या गाइडकडे या घडीला किती पीएचडीचे विद्यार्थी आहेत? आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ अशी मर्यादा आहे. बाहेर बऱ्याच ठिकाणी अशी मर्यादा नसते. वीस जणांच्या ग्रुपमध्ये गाइडची भेट महिन्यातून एकदा मिळते की रोज चहाला, हे कोणत्याही रँकमध्ये दिसणार नाही.

शांघायची यादी २००३ पासून निघते. तिच्यात ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे आहेत: १० टक्के ती मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी, २० टक्के प्राध्यापकांसाठी. आणखी २० टक्के 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांतल्या पेपरांसाठी. हे मोजमाप निदान मतांवर अवलंबून नाही, हा त्याचा गुण. पण तुम्ही मध्ययुगीन मराठी साहित्यावर, सहकारी साखर कारखान्यांच्या अर्थकारणावर किंवा कोकणातल्या मासेमारीवर काम करणार असाल, तर त्यातला एकही रकाना तुमच्याकडे बघत नाही. मराठीत छापलेलं संशोधन तर साइटेशनच्या मोठ्या डेटाबेसांत जवळजवळ येतच नाही.

पीएचडीशी थेट नातं असलेला रकाना टाइम्समध्ये सापडतो: दर शिक्षकामागे किती डॉक्टरेट दिल्या, ५.५ टक्के. पण तोही फक्त डोकी मोजतो. त्यांना किती वर्षं लागली, किती जण मधेच सोडून गेले, ते आज कुठे आहेत, यातलं काहीच त्यात नाही.

डेटा कुठून आला?

यातला बराचसा डेटा विद्यापीठं स्वतः भरून देतात. तो तपासला जातोच असं नाही. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचं. हे नाव मराठी घरांत डॉ. आंबेडकरांमुळे माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी एक सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केलं. 'यू. एस. न्यूज'च्या अमेरिकन क्रमवारीत तेव्हा कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होतं. थॅडियस यांनी विद्यापीठाने पाठवलेले आकडे विद्यापीठाच्याच इतर उघड नोंदींशी ताडून बघितले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत असा दावा होता. त्यांच्या हिशोबाने तो आकडा ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान येत होता. पुढे विद्यापीठाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं. सप्टेंबर २०२२च्या यादीत कोलंबिया १८वं झालं आणि २०२३ मध्ये त्याने पदवी शिक्षणाच्या त्या क्रमवारीतून अंग काढून घेतलं.

गंमत बघा. दोन आणि अठरा या दोन आकड्यांच्या मधल्या काळात कोलंबियाचं ग्रंथालय तेच होतं, विभाग तेच होते. आंबेडकर १९१३ मध्ये तिथे गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिथे त्यांना अर्थशास्त्रात सेलिग्मन भेटले, डुई यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्यांच्या कामाला आकार मिळाला तो या माणसांमुळे. 'कोलंबिया कितवं' या प्रश्नाला तेव्हा उत्तरच नव्हतं.

डेटा खरा असूनही फसवू शकतो. २०१३ मध्ये टाइम्सच्या यादीत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ २२६ ते २५० या गटात आलं आणि भारतात पहिलं ठरलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तिथले भौतिकशास्त्रज्ञ सर्नच्या मोठ्या प्रयोगांत सहभागी होते. त्या प्रयोगांच्या पेपरांवर हजारो लेखकांची नावं असतात आणि साइटेशन प्रचंड मिळतात. काम खरं, सहभागही खरा. पण त्या साइटेशनचं पूर्ण श्रेय प्रत्येक विद्यापीठाला मिळत असल्याने एका विभागाच्या जोरावर अख्खं विद्यापीठ वर चढलं. २०१५ मध्ये टाइम्सने हजाराहून जास्त लेखकांचे पेपर मोजणीतून काढले आणि पंजाब विद्यापीठ बरंच खाली गेलं. त्या दोन वर्षांत 'भारतात पहिलं' म्हणून कोणी तिथे इतिहासात पीएचडी करायला गेलं असेल, तर तो निर्णय हिग्ज बोसॉनच्या साइटेशनवर घेतलेला होता.

आणि पैसे? क्यूएस आणि टाइम्स हे खासगी व्यवसाय आहेत. ज्या विद्यापीठांची क्रमवारी लावतात, त्यांनाच सल्ला आणि जाहिरातीच्या सेवा विकतात. बर्कलीतले संशोधक इगोर चिरिकोव्ह यांनी २०२१ मध्ये रशियातल्या २८ विद्यापीठांचा अभ्यास मांडला. क्यूएसशी वारंवार करार करणाऱ्या विद्यापीठांचं स्थान त्यांच्या इतर आकडेवारीवरून वाटेल त्यापेक्षा बरंच जास्त सुधारलं, असं त्यांना दिसलं. क्यूएसने हा निष्कर्ष मान्य केला नाही. तुम्ही कोणाचंही खरं माना, पण पेपरच्या शेवटी हितसंबंधांची नोंद असते तशी या यादीखाली तुम्ही स्वतः मनात करून ठेवा.

यादीच्या बाहेर काय राहतं

आपल्याजवळचंच बघा. रेडिओ खगोलशास्त्र करायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. जगभरातले लोक तिच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. ती चालवणारी पुण्याची एनसीआरए ही टीआयएफआरचं केंद्र आहे, त्यामुळे जागतिक यादीत 'एनसीआरए' नावाचं विद्यापीठ तुम्हाला सापडणार नाही. शेजारची आयुका आंतरविद्यापीठ केंद्र आहे, तिचंही तेच. जर्मनीत ऐंशीहून जास्त मॅक्स प्लांक संस्था आहेत. तिथे हजारो जण पीएचडीचं काम करतात, पदवी मात्र भागीदार विद्यापीठ देतं. यादीत दिसतं ते विद्यापीठ.

मानव्यविद्यांत तर हे आणखी ठळक आहे. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासात एलिनॉर झेलियट यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. त्यांनी आयुष्यभर शिकवलं ते मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात. ते पदवीपर्यंतचं छोटं कॉलेज आहे, जागतिक क्रमवारीच्या खेळातच नाही. आज अमेरिकेत लीळाचरित्र, ज्ञानेश्वर, नामदेव यांवरचं काम शोधायला निघालात तर सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ख्रिश्चन नोवेत्झके यांच्यापाशी पोचता. तिथे पोचायचा रस्ता पुस्तकाच्या संदर्भसूचीतून जातो, क्यूएसच्या पानावरून जात नाही.

तरी यादी फेकून का देता येत नाही

इथपर्यंत वाचून 'रँकिंग म्हणजे सगळा धंदा' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं करू नका. यादीच्या बाजूनेही तीन गोष्टी आहेत.

पहिली: ज्याच्या घरात, कॉलेजात, गावात परदेशी शिकलेलं कोणी नाही, त्याला विचारायला ही यादीच असते. ओळखीपाळखीतून माहिती मिळवणाऱ्यांनी तिला नाकं मुरडणं सोपं आहे. कोणतं विद्यापीठ खरं आणि कोणतं नुसतं दुकान, एवढं तरी ती सांगते.

दुसरी: यादी दरवाजावर बसवलेली आहे. आपल्या राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. ब्रिटनने मे २०२२ मध्ये 'हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल' व्हिसा सुरू केला, तेव्हा तीन मोठ्या याद्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या पन्नासात असलेली विद्यापीठंच धरली. त्या पहिल्या यादीत भारतातलं एकही नव्हतं. वर बर्कली आणि ईपीएफएलच्या उड्या बघितल्या. तशीच उडी मर्यादेच्या आसपासच्या विद्यापीठाने मारली, तर एखाद्याची शिष्यवृत्ती जाते, आणि त्याचा गाइड, विषय, प्रयोगशाळा सगळं कालच्यासारखंच असतं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. वाचकाने यादी भोळेपणाने वापरली तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं. सरकारने तशी वापरली तर ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याचं होतं.

तिसरी: नावाला नोकरीच्या बाजारात किंमत असते. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या नेमणुकांवर एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतच पीएचडी झालेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक फक्त २०.४ टक्के विद्यापीठांतून आलेले होते. ही असमानता खरी आहे. पण त्याच अभ्यासात सर्वांत जास्त प्राध्यापक घडवणारी पाच विद्यापीठं आहेत बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड. यातलं विस्कॉन्सिन अलीकडच्या वर्षांत क्यूएसच्या पहिल्या पन्नासातही नसतं. म्हणजे नेमणूक समिती ज्या नावाला मान देते ते नाव आणि यादीतलं नाव दरवेळी एक नसतं.

मग शीट कशी करायची

रँकचा रकाना ठेवा, पण शेवटी. त्याचं काम एकच: शिष्यवृत्ती किंवा व्हिसाची अट पूर्ण होते का, हो की नाही. अटीचा आकडा त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या. त्याआधी हे चार रकाने करा.

१. माणसं. तुमच्या विषयातले तुम्हाला आवडलेले दहा पेपर किंवा पाच पुस्तकं घ्या आणि लेखक कुठे आहेत ते लिहा. एकाच विभागात असे दोन जण असतील तर उत्तम. गाइड मधेच विद्यापीठ सोडून गेला, निवृत्त झाला किंवा पटलं नाही, तर दुसरं माणूस लागतं.

२. आधीचे विद्यार्थी. गाइडचे शेवटचे पाच विद्यार्थी शोधा. किती वर्षांत संपवलं? पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का? आज ते कुठे आहेत? भारतातल्या विद्यापीठांसाठी शोधगंगेवर प्रबंधच मिळतात. ऋणनिर्देशाचं पान नक्की वाचा. कोणाचे आभार मनापासून मानलेत आणि कोणाचे रीत म्हणून, ते कळतं. शक्य असेल तर सध्याच्या एका विद्यार्थ्याला मेल करा आणि 'गाइड कसे आहेत?' असं न विचारता 'मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे 'छान' म्हणतात.

३. पैसे, आणि किती वर्षांचे. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं भत्ता. परदेशातला आकडा रुपयांत बदलून हरखून जाऊ नका. त्या शहरातल्या एका खोलीचं भाडं त्यातून वजा करा आणि मग बघा. फंडिंग तीन वर्षांचं आणि काम चार वर्षांचं असेल तर चौथ्या वर्षी काय, हे लेखी विचारा.

४. रचना. अमेरिकेत साधारण पाच-सहा वर्षं, सुरुवातीला कोर्सवर्क आणि पात्रता परीक्षा. विषय अजून पक्का नसेल तर हा वेळ उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, विषय घेऊनच जायचं. जर्मनीत सहसा एमए किंवा एमएस्सी आधी हवी, आणि बऱ्याच जागा नोकरीच्या कराराच्या असतात. यातलं कोणतंच सरसकट चांगलं किंवा वाईट नाही. तुमच्या तयारीला काय झेपतं ते बघायचं.

समजा तुमच्याकडे दोन प्रवेशपत्रं आहेत. 'अ' ४०वं: विषय जवळपासचा, गाइड नामवंत, ग्रुप बावीस जणांचा, पैसे तीन वर्षांचे. 'ब' १९०वं: विषय नेमका, गाइडचे शेवटचे पाचही जण साडेचार वर्षांत बाहेर पडलेले, विभागात दुसरी व्यक्ती त्याच विषयातली, पैसे पूर्ण काळाचे. घरचे 'अ' म्हणतील, कारण शेजाऱ्यांना सांगायला ४० सोपं आहे. मी 'ब' म्हणेन. 'अ' घ्यायचं एकच सबळ कारण मला दिसतं: तुमची शिष्यवृत्ती फक्त 'अ'लाच लागू होते. तसं असेल तर 'अ'ला जा, पण मान्यता यादीला देऊन जाऊ नका. आणि गेल्यावर पहिल्याच महिन्यात चौथ्या वर्षाच्या पैशांची सोय शोधायला लागा.